खळ्यावरचं मागणं

पान सतरा. मिस बर्था हातात घंटी घेऊन गल्लीतून निघाली, तशी पोरं तिच्यामागे धावत आली.

भागूबाईने पुस्तकाचं पान दुमडलं आणि शाळेची पितळी घंटी उचलली. साल एकोणीसशे सत्तावन्न. पोशीरच्या शाळेत ती नवी मास्तरीण. शनिवारपर्यंत मुलींच्या वर्गात दहा नावं भरली नाहीत तर वर्ग बंद, आणि भागूबाई परत खालापूरला, बापाच्या घरी, स्थळं बघत. नावं झाली होती तीन.

घंटी वाजली. दारं उघडली. पोरं नाहीत, बायका आल्या, प्रत्येकीच्या हातात सूप. मंगळवारी घंटी वाजवत दारात आलेली बाई जोगवाच मागणार! भागूबाई पिशवी मागे ओढेपर्यंत तीत शेरभर तांदूळ पडले होते. एकीने तर तिचे पायही धरले.

"कुठल्या देवीची गं तू, बाय?"

हेडमास्तर हिरामण गुरुजींना हसून हसून ठसका लागला. "मिशनची पुस्तकं वाचतेस आणि जोगवा मागतेस! बाटलीस की काय?"

"देव माझा होता तिथेच आहे, गुरुजी. त्या बायांची चिकाटी तेवढी घेतेय."

अशी तीन चरित्रं होती तिच्याकडे, ट्रेनिंगला असताना मिशनच्या नर्सबाईंनी दिलेली. तिघी मिशनरी बाया विलायतेहून बोटीने आलेल्या. ना भाषा येत होती, ना इथलं तिखट सोसत होतं. लोकांनी अंगावर कुत्री सोडली, तरी दुसऱ्या दिवशी त्या पुन्हा त्याच दारात. भागूबाईला तर भाषा येत होती. मग अडलं कुठे?

पान त्रेचाळीस. दुसरं पुस्तक, दुसरी मिस. सात दारांतून नकार मिळाला, आणि ती

वाक्य पुढच्या पानावर जातं. भागूबाई गेली नाही. तिने तिथेच कडेला पेन्सिलीने लिहिलं: मंगळवारी न मागता तांदूळ मिळाले. पोरी मात्र मी बोलावत राहिले. मागितल्या कुठे?

शुक्रवार. पान नाही.

मालोजीच्या खळ्यावर भाताची रास लागली होती. भागूबाईने चपला बाहेर काढल्या आणि राशीसमोर मांडी घालून बसली. रास मोजण्याआधी खळ्यावर आलेल्याला काहीतरी देऊन वाटेला लावायचं, ही इथली रीत. मालोजीने सूपभर भात पुढे केलं.

"घ्या, बाई."

"भात नको. मोती द्या."

खराट्याने खळं झाडणारी मालोजीची पोर, मोती, थांबली. गडी हसले.

"पोर म्हंजी काय भात हाय का, सुपात घालून द्यायला?" मालोजी म्हणाला.

"सुपात नको. शाळेत द्या. दहा वाजता."

"आन गुरं कोन बगंल? तुमच्या पुस्तकातली ती मडम?"

"मडम मेली बिचारी. गुरं गजा बघेल. तो तुमचा एवढा घोडा झालाय."

गड्यांतला गजा बहिणीकडे बघून ओशाळला. मालोजीने रास मोजायची पायली उचलली, पण त्याची आई सोनुबाई आडवी आली. "पायली ठेव रं. मागणारी समोर बसल्याली, आन तू रास मोजतोस? माज्या खळ्यावरनं कोन रिकामं गेलं नाय."

"अगं आये, पन ती पोर मागतीया!"

"मंग नाय म्हन. म्हन, राशीम्होरं बसून."

मालोजीने राशीकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. मग पायली खाली ठेवली.

"दुपारपास्नं धाडतो," तो शेवटी पुटपुटला.

"सकाळपासून. अर्धी पायली घालून कुणाला वाटेला लावता का तुम्ही?"

सोनुबाईने मोतीच्या हातातला खराटा काढून घेतला. मोती तशीच, अंगभर भाताचा कोंडा, भागूबाईजवळ येऊन उभी राहिली. "बाई, पाटी आनावी लागंल?"

"पाटी माझ्याकडे आहे. तू चल."

नावं चार झाली. अजून सहा हवी होती आणि ऊन माथ्यावर होतं. भागूबाईने पायांत चपला सरकवल्या.

"मोते, आज अजून कुणाकुणाची रास मोजायची आहे गं?"

"विठूकाकाची. आन त्याला चार पोरी हायती!" म्हणत मोती पुढे पळालीसुद्धा.