उजव्या मुंढ्यातला अर्धा इंच

“त्या मंगळवारी दुपारी तीन वाजता हवालदार कुठे होते?” चौकशीला आलेल्या साहेबांनी तिसऱ्यांदा विचारलं.

मी पंख्याकडे बघत होते. दुपारी मला अशी गुंगी येते. तीस वर्षं शिलाई मशीनवर बसून डोळे उघडे ठेवून झोपायची सवय लागली आहे. पंखा फिरत होता आणि मला तो मंगळवारच दिसत होता. माझ्या दुकानात हवालदार कच्च्या शिलाईचा शर्ट घालून उभे, बगलेपासून मनगटापर्यंत टाचण्या, आरशावरून परतलेलं ऊन भिंतीवर हलतंय, आणि सगळं पाण्याखाली असल्यासारखं शांत.

त्याच वेळी त्यांनी चौकात आपल्याला थोबाडीत मारली, अशी एका टेम्पोवाल्याची तक्रार होती. टाचण्या लावलेला माणूस साधी माशीसुद्धा हाकलू शकत नाही. पण हे सांगणारी मी एकटीच होते. मी गप्प बसले तर त्यांची नोकरी जाणार होती.

गप्प बसायला मला कारणही होतं. आठ वर्षांपूर्वी याच हवालदारांनी माझ्या नवऱ्याला चौकात, चारचौघांत थोबाडीत मारली होती. रेशनच्या रांगेत ढकललं दुसऱ्याच कुणी आणि मार बसला आमच्या यांना. पोलिसांचे गणवेश शिवायचं काम सोडलं असतं तर आम्ही खाल्लं काय असतं? म्हणून मी एवढंच केलं, की हवालदारांच्या प्रत्येक शर्टाचा उजवा मुंढा, म्हणजे बाही जोडायचा घेर, अर्धा इंच कमी कापला. हात खांद्याच्या वर जायलाच नको. बाकीच्या पोलिसांवर माझा राग नव्हता. एकजण तर टाचणी टोचली तरी मलाच सॉरी म्हणायचा. पण हवालदारांचं माप घेताना माझे दात आवळले जायचे.

“बाई?” साहेब म्हणाले.

“माझ्या दुकानात होते. अडीच ते साडेतीन. टेम्पोवाल्याला त्यांनी मारलेलं नाही.”

लेखनिकाने लिहिलं. दाराशी उभ्या हवालदारांनी सुटकेचा निःश्वास सोडला आणि तो मला सहन झाला नाही.

“आणखी लिहा. आठ वर्षांपूर्वी माझ्या नवऱ्याला मारलं होतं. काही कारण नसताना.”

“ते मी विचारलं नाही, बाई.”

“मग पहिलंही खोडा. माणूस तोच आहे ना? अर्धंच कसं लिहून घेता?”

लेखनिक साहेबांकडे बघू लागला. तेवढ्यात हवालदार पुढे आले.

“लिहा, साहेब. खरंय ते. यांचे मिस्टर काहीच बोलले नव्हते, माझंच डोकं फिरलं होतं.” मग माझ्याकडे न बघता म्हणाले, “म्हणून तर शर्टाची कधी तक्रार केली नाही मी.”

आठ वर्षं मी स्वतःला फार हुशार समजत होते.

घरी आले तेव्हा हे काजं करत बसले होते. मी सगळं सांगितलं. यांचा हात थांबला.

“माफी मागितली?”

“नाही. पण खरंय म्हणाला. लिहून घेतलं त्यांनी.”

“कोण कोण होतं तिथं?”

“साहेब, लेखनिक, दोन शिपाई. चौघं.”

“चौघं,” हे म्हणाले. सुई कापडात खोचली, चपला घातल्या आणि आठ वर्षांत पहिल्यांदा, काही काम नसताना, चौकापर्यंत चालत जाऊन आले.