गालिच्याची खालची बाजू

"हात घालायचा नाही," मी म्हणाले. "बोटसुद्धा नाही."

हे माशांच्या टाकीच्या काचेला नाक लावून उभे होते. शेजारी वकीलबाई, घरच्याच कपड्यांत, केससुद्धा न विंचरलेल्या. सकाळी साडेसातला त्यांचा फोन आला, "काका, गालिचा चालायला लागलाय," आणि अर्धा कप चहा तसाच टाकून आम्ही त्यांच्या घरी पोचलो.

शाळेच्या पुस्तकात त्याला समुद्रफूल म्हणतात. आमच्या धंद्यात, म्हणजे घरोघरच्या माशांच्या टाक्या सांभाळणाऱ्यांत, सगळे गालिचाच म्हणतात. पसरला की जेवणाच्या ताटापेक्षा मोठा, वर आखूड बोटांची हिरवी दाट लव. कुणालाही हात फिरवावासा वाटेल असा. पण ते फूल नाही, जनावर आहे. लव लागली की डंख बसतो, त्यातून मासा सुटत नाही. मनात आलं तर हे जनावर आपल्या एकुलत्या एका पायावर सरकत बिऱ्हाडही बदलतं. सहा आठवडे ते ह्यांनी ठरवलेल्या कोपऱ्यात वाळूवर मुकाट बसलं होतं. आज मागच्या काचेवर चढून ते पाणी ढवळणाऱ्या पंपापाशी गेलं होतं आणि त्याची एक कड पंपाच्या जाळीत ओढली गेली होती.

"पंप बंद केलाय मी," वकीलबाई म्हणाल्या. "पण असा किती वेळ चालेल?"

"दुपारपर्यंत," हे म्हणाले. "मग माशांना श्वास पुरणार नाही. आणि गालिचा फाटला तर तो कुजेल, आणि संध्याकाळपर्यंत टाकीतलं काहीच राहणार नाही."

अकरा वर्षांची टाकी होती ती. बाईंचा चेहरा उतरला. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू, पण टाकीचं मला फारसं पडलं नव्हतं. मला ह्यांचं पडलं होतं.

आठ महिन्यांपूर्वी एका घरी असाच एक गालिचा ह्यांच्या मनगटाला चाटून गेला. दहा मिनिटांत ओठ सुजले. मग घसा आवळला. रिक्षात माझ्या मांडीवर डोकं ठेवून हे श्वास शोधत होते आणि मी ड्रायव्हरला काय वाटेल ते बोलत होते. दोन दिवस दवाखान्यात काढले. निघताना डॉक्टर म्हणाले, "पुढच्या वेळी इथवर पोचालच असं नाही." ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवून सांगितलं, गालिच्याला शिवणार नाही. तेव्हापासून मी प्रत्येक घरी बरोबर जाते. लोक म्हणतात, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. माझ्या पर्समध्ये श्वास कोंडला तर टोचायचं इंजेक्शनचं पेन असतं, हे त्यांना कुठे ठाऊक? गिऱ्हाइकाला सांगायचं नाही अशी ह्यांची सक्त ताकीद. झाकली मूठ.

"लांब हातमोजे घालतो," हे हळूच म्हणाले.

"मागच्या वेळी काय मोजे नव्हते?"

"तो मोजा फाटका होता."

"आणि हा फाटणार नाही, असं त्यानं लिहून दिलंय?"

वकीलबाई आमच्याकडे आळीपाळीने बघत होत्या. "काका, काही अडचण आहे का?"

"काही नाही मॅडम," हे म्हणाले, आणि मोजे काढायला पिशवीत हात घातला. तीस वर्षं त्या हाताने काचेवरचं शेवाळ खरवडलं, आजारी मासे ओंजळीत उचलले, आणि आज त्याला रबराचा मोजा सापडत नव्हता. मी पिशवी ओढून घेतली, मोजे काढले आणि माझ्या हातांत चढवले.

मला वाटलं, हे अडवतील. निदान "अगं, तू कशाला" एवढं तरी म्हणतील. हे एक पाऊल मागे सरकले.

मी स्टुलावर चढले. आयुष्यात मी त्या पाण्यात हात घातला नव्हता. टॉवेल धरायचा, बादली उचलायची, एवढंच माझं काम. पाणी कोमट होतं, अंगात ताप असल्यासारखं. त्याचीही भीती वाटली.

"आधी जाळीच्या दोन्ही खिट्या सोडव," मागून ह्यांचा आवाज आला. "ओढू नकोस. ओढलंस तर फाटेल."

खिट्या सुटल्या. लव माझ्या मोज्याला चिकटली. डंख मला लागत नव्हता, पण ती धरत होती. सोडायला बघावं तर आणखी घट्ट. डंखाची बाधा न होणारे, गालिच्यातच राहणारे दोन छोटे पट्ट्यांचे मासे माझ्या बोटांना चावायला धावले. त्यांचं घर होतं ते, त्यांचं काय चुकलं? माझ्याखाली स्टूल डगमगत होतं. वकीलबाईंनी ते दोन्ही हातांनी धरलं.

एकेक बोट करत कड बाहेर आली. शाबूत होती.

"आता काचेवरून पाय सोडव. अंगठा खालून सरकव. हळू. दमला की आपणच सोडेल."

किती वेळ गेला कोण जाणे. पाय सुटला आणि सबंध गालिचा ओल्या पोळीसारखा माझ्या तळव्यांवर आला.

"उलटा कर," हे म्हणाले. आवाज एकदम वेगळा. "खालून बघ. कडेजवळ ठिपके आहेत?"

"आहेत."

"कसले?"

"जांभळे."

"नक्की?"

"आता काय काकणाला आरसा दाखवू? जांभळे, ठसठशीत. का?"

मी मान वळवून बघितलं. ह्यांचा चेहरा पडला होता.

"मॅडम," हे वकीलबाईंना म्हणाले, "मी चुकलो. हा वाळूतला नाही. खडकावरचा आहे, जांभळे ठिपके त्याचेच. ह्याला खाच लागते आणि जोराचं पाणी लागतं. मी न शिवता पिशवीतूनच कोपऱ्यात वाळूवर सोडला, म्हणून बिचारा पाणी शोधत पंपावर गेला."

"पण तुम्हीच ओळखून दिला होता ना, काका?"

"वरून हे सगळे सारखेच दिसतात. ओळख खालून पटते. उलटा करून बघावं लागतं. मी बघितला नाही. पिशवीतूनच बघून सांगितलं. हात लावायची भीती वाटली मला."

मग दवाखान्याचंही सांगितलं. सगळं. मी हातांत जनावर धरून ऐकत होते. आठ महिने मला वाटत होतं, घाबरट मी आणि हट्टी हे. घरी मी वेड्यासारखी ओरडायचे आणि हे हसण्यावारी न्यायचे.

"तो खडक दिसतोय, डावीकडे?" हे मला म्हणाले. "त्याच्या खाचेत ह्याचा पाय टेकव."

तो खडक खोल होता. मी वाकले आणि पाणी मोज्याच्या काठावरून आत शिरलं. त्याच वेळी गालिच्याची मोकळी कड उलटून माझ्या दंडावर पडली.

आग झाली. खाजकुइली लागावी तशी, पण आतपर्यंत. मी ओरडले नाही, कारण ओरडले असते तर हात हलला असता. खाचेत पाय टेकला, धरला, तो घट्ट बसेपर्यंत थांबले आणि मगच हात बाहेर काढला. दंडावर लाल ठिपके उठले होते.

हे धावत आले. माझी पर्स उपडी केली. चष्मा, किल्ल्या, रुमाल, सगळं जमिनीवर. पेन हातात घेऊन माझ्यासमोर बसले. "जीभ दाखव. श्वास घे. घसा कसा वाटतोय? बोल ना."

"बोलतेय की. सवय आहे मला."

"चेष्टा नको." ह्यांचे डोळे भरले होते.

वीस मिनिटं आम्ही भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत बसलो. मी मनातल्या मनात प्रत्येक श्वास तपासत होते. आला. हाही आला. ओठांना बोट लावून बघत होते. मरणाची एवढी भीती मला कधी वाटली नव्हती, आणि ही भीती आठ महिने हे एकटेच पोटात घेऊन घरोघरी फिरले, हेही तेव्हाच कळलं. ह्यांचा हात माझ्या गुडघ्यावर होता आणि तो गार पडला होता.

काही झालं नाही. दंड तेवढा जळत राहिला.

वकीलबाईंनी पंप सुरू केला. पाणी हललं आणि गालिचा त्या धारेत हळूहळू पसरला. दोन्ही मासे परत त्यात शिरले. बाई रागावल्या होत्या की नाही, ते मला कळलं नाही. आमच्यापुढे पाण्याचे ग्लास ठेवून त्या बराच वेळ टाकीसमोर उभ्या राहिल्या.

निघताना त्यांनी विचारलं, "काका, आता बघायला परत कधी येणार?"

तीस वर्षं हा प्रश्न ऐकला की हे खिशातली छोटी वही काढतात. आज खिशाकडे हात गेला नाही. हे माझ्या दंडाकडे बघत होते.

"हिला विचारा," हे म्हणाले.

मी गुरुवार सांगितला.