वन्संची पेन्सिल

वहिनींनी स्टुलावर चढून नवऱ्याचा फोटो खिळ्यावरून काढला आणि खाली उभ्या असलेल्या नणंदेकडे धरला. वन्संनी हात पुढे केले नाहीत.

"दादाला कशाला सभेत नेताय?" त्या म्हणाल्या. "तुम्ही बोलणार आहात ते पुरे नाही का?"

फोटो छातीशी धरून वहिनी जपून उतरल्या.

उद्या वाचनालयात त्या पहिल्यांदाच चारचौघांत सांगणार होत्या की त्यांच्या नवऱ्याने स्वतःचा जीव दिला होता. इतकी वर्षं दोघींनी लोकांना हृदय बंद पडल्याचं सांगितलं होतं. ठरवून नव्हे. त्या सकाळी शेजारणीने विचारलं, वन्संच्या तोंडून तसं निघालं, वहिनींनी मान हलवली, आणि पुढे तेच खरं झालं. यंदा मात्र गावातली दोन तरुण मुलं तशीच गेली. ज्यांच्या घरात हे घडलंय त्यांनीच कुणीतरी बोलावं, म्हणजे बाकीचे आपल्या माणसांची वेळेवर विचारपूस करतील, असं ग्रंथपालबाई म्हणाल्या, तेव्हा वहिनी हो म्हणून बसल्या.

वन्सं भांडल्या नाहीत. फक्त चहा करताना म्हणाल्या, "साखर किती घालू, की तेही माईकवरच सांगणार?"

खाली त्यांचा फोटो स्टुडिओ होता. आता बंद असला तरी डार्करूम वन्संनी मोडू दिली नव्हती. दादा फोटो काढायचे, वहिनी गिऱ्हाईक सांभाळायच्या आणि वन्सं भिंग लावून निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवायच्या. मुरूम, सुरकुत्या, चेहऱ्यावरचा थकवा, सगळं त्या पेन्सिलीखाली नाहीसं व्हायचं. लग्नाळू मुलांच्या आया खूश होऊन जायच्या. दादा चिडवायचे, हिच्या हातात दिलं तर माकडाचंही लग्न जमेल.

हा फोटो शेवटचा. लायसन्ससाठी दादा स्वतः खुर्चीत बसले होते. त्यात ते ताजेतवाने दिसत, ओठांच्या कडेला किंचित हसू. पाहणारा प्रत्येक जण म्हणे, किती आनंदी माणूस. ती रात्र रात्र चाललेली येरझार, न शिवलेलं ताट, वहिनींना सगळं आठवत होतं. पण वर्षानुवर्षं या फोटोखाली जेवताना त्यांना वाटू लागलं होतं की आपणच नंतर मनाने काही रचलं असेल.

दुसऱ्या दिवशी वन्सं बरोबर निघाल्या नाहीत. डार्करूमचं दार आतून बंद होतं. वहिनींनी वाट पाहिली, मग फोटो पिशवीत घालून एकट्याच गेल्या.

वाचनालयात खुर्च्या भरल्या होत्या. वहिनींनी फोटो टेबलावर उभा केला, माईक धरला आणि पुन्हा खाली ठेवला.

"हे माझे यजमान," त्या म्हणाल्या. "यांनी जीव दिला. बघा, चेहऱ्यावरून कुणाला काही कळलं असतं का?"

त्याच वेळी मागच्या दारातून वन्सं आल्या आणि सरळ टेबलापर्यंत चालत गेल्या. त्यांच्या बोटांना टर्पेंटाइनचा वास येत होता. त्यांनी अजून ओलसर असलेला एक फोटो वहिनींच्या हातात दिला.

तीच खुर्ची, तोच सदरा. पण डोळे खोल गेलेले, त्यांच्याखाली काळं, आणि ओठांच्या कडेला हसू नव्हतंच.

"निगेटिव्हवरची पेन्सिल पुसून काढली," वन्सं हळू आवाजात म्हणाल्या. "मला तेव्हाच भिंगातून दिसलं होतं. मी नेहमीसारखी पेन्सिल फिरवली."

वहिनी बराच वेळ तो चेहरा पाहत राहिल्या. त्यांच्या आठवणीतला माणूस हाच होता. मग त्यांनी पायाने शेजारची खुर्ची ओढली.

"बसा, वन्सं."

फ्रेम त्यांनी टेबलावर पालथी घातली, नवा फोटो पहिल्या रांगेत दिला आणि बोलू लागल्या. फोटो हातोहात मागे गेला. शेवटच्या रांगेत तो एका बाईच्या हातात थांबला. तिने फोटोकडे पाहिलं, शेजारी बसलेल्या आपल्या मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा फोटोकडे.