गादीवाल्याच्या घरचे उंदीर

कोरपन्यात कय्यूम पिंजाऱ्याच्या गाद्यांना चांगलं नाव होतं. त्याच कय्यूमभाईच्या मुलीनं, उमेरानं घरात उंदीर पाळायला घेतले, तेव्हा अब्बांनी कपाळाला हात लावला.

"गादीवाल्याच्या घरी उंदरं! गिऱ्हाईक का म्हणीन?"

"पिंजऱ्यात राह्यतीन ते. तुमच्या गादीले तोंड नाई लावणार," उमेरा म्हणाली आणि कामाला लागली.

पहिली जोडी तिनं चंद्रपुरातल्या शोभेचे मासे विकणाऱ्या एका दुकानातून हौसेनं आणली होती. मादी अजून पिल्लूच होती, पण दुकानातच गाभण राहिलेली. ती विताना मेली. पिल्लंही जगली नाहीत. उमेरानं त्यांना अंगणातल्या बोरीखाली पुरलं. दुसरी कोणी असती तर तिथंच हात झटकले असते. उमेराला मात्र संताप आला. जीव विकायचा आणि त्याच्याबद्दल धड एक शब्द सांगायचा नाही, ही कुठली रीत? आपण करू तर नीट करू, असं तिनं ठरवलं.

ती जनावरांच्या दवाखान्यात गेली. डॉक्टर आधी हसले, मग त्यांनी खुर्ची पुढे सरकवून सगळं समजावून सांगितलं. मादी पुरती वाढल्याशिवाय नर सोडायचा नाही. एका आईची पिल्लं एकमेकांना लावायची नाहीत. छातीत घरघर असेल किंवा चावरा असेल, त्याची वीण वाढवायची नाही. ते ऐकून उमेरा नागपूरला उंदीर पाळणाऱ्या दोन वेगवेगळ्या घरी गेली आणि एकेक उंदीर कानाशी धरून त्याचा श्वास ऐकत बसली. शेवटी एकीकडून काळ्या डोक्याची मादी घेतली, दुसरीकडून सायीच्या रंगाचा नर. दोघांना वेगळं ठेवून ती मादी वाढायची वाट बघत राहिली.

अब्बांचा राग तोवर थोडा उतरला होता. पिल्लं होणार म्हटल्यावर त्यांनी मऊ पिंजलेला कापूस आणून दिला.

"कापूस नको, अब्बा. पिल्लाच्या पायाले धागा गुंडाळला त पाय जाते. कागद फाडून टाकीन मी."

"म्हंजे माह्या कापसावर सारा तालुका झोपते, अन् तुह्या उंदराले तो चालत नाई!" अब्बा खरंच दुखावले.

पिल्लं टुणटुणीत झाली. उमेरा त्यांना रोज हातात घेई. दूध सुटल्यावर तिनं नर एकीकडे केले, माद्या एकीकडे. घ्यायला येणाऱ्यांना ती दोनच गोष्टी बजावायची: एकटा उंदीर मिळणार नाही, आणि नकोसे झाले तर माझ्याकडेच परत आणायचे.

सिमेंट कारखान्याच्या रस्त्यावर गुलाबभाऊचं चहाचं हॉटेल होतं. त्यानं सगळ्याला मान डोलावून एकाच विणीतले दोन नर नेले. थोड्याच दिवसांत एका गिऱ्हाइकानं अब्बांच्या दुकानात हसत सांगितलं, "तुमच्या पोरीचे उंदरं गुलाबनं लोणच्याच्या बरणीत ठेवले. लोकं बिडीचा धूर सोडतेत आत."

उमेरानं पिंजरा उचलला.

"कुठी चालली?"

"आणायले."

हॉटेलात गर्दी होती. भट्टीच्या शेजारी बरणी, आत दोघं एकमेकांना चिकटून धापा टाकत होते. उमेरानं गुलाबचे पैसे गल्ल्यावर ठेवले.

"माह्ये उंदीर द्या."

"विकत घेतले म्या. आता बरणीत ठेवीन नाई त भज्यात तळीन. तुले का?" गुलाबनं बरणीवर हात ठेवला. लोक हसले.

"सांगून देल्ले होते. तुम्ही मान डोलावली होती."

"कागदावर सही केली का म्या?"

"नाई. म्हणूनच मी इथी बसून राहीन. जो येईन त्याले दाखवीन, या हॉटेलात मुक्या जीवाचे कसे हाल चालले ते."

आणि ती खरंच बाकावर बसली. येणाऱ्या प्रत्येकाला उठून बरणीपाशी बोलावू लागली. एक ट्रकवाला बरणीत वाकला आणि चहा न घेताच निघून गेला. दुसऱ्यानं भज्यांची प्लेट परत सरकवली. मग गुलाबनं बरणी पुढे ढकलली. "ने वं बाई, ने! पिच्छा सोड माहा!"

दोघांनाही दवाखान्यातलं औषध लागलं. ते वाचले, पण एकाची घरघर काही गेली नाही. तो कायमचा उमेराकडेच राहिला.

गुलाबनं मात्र गावभर करून टाकलं, की ती पोरगी माल विकते आणि परत हिसकावून नेते. उंदरांना गिऱ्हाईक येईना. पिंजरे भरलेलेच. अशात सापाचे खेळ करणाऱ्या एकानं निरोप धाडला, सगळे एकदम घेतो.

"देऊन टाक, बेटा," अब्बा म्हणाले. "किती दिवस दाणा घालशील?"

"म्या जन्माले घातले ते. सापाच्या तोंडी नाई देणार. अन् या सगळ्याइले घर भेटल्याशिवाय दुसरी वीणही नाई घेणार."

अब्बा मान हलवत दुकानात गेले. पण दुसऱ्या दिवशी एक बाई उंदरांवरून नाक मुरडू लागली, तेव्हा हातातली सुई खाली ठेवून ते म्हणाले, "गादी घ्याची त घ्या, माह्या पोरीबद्दल बोलू नोका." बाई गेली. अब्बांनी पुन्हा टाका घातला. आत उमेरानं ऐकलं आणि ती अब्बांसाठी चहा टाकायला उठली.

पुढच्या बाजाराला जवळच्या खेड्यातली मनकर्णाबाई आली. तिची कपाशीची शेती होती.

"हॉटेलात भांडली ते तूच का वं?"

"हो. काऊन?"

"मले दोन उंदरं पाह्यजे."

"शेतात उंदराले जहर टाकत असान तुम्ही. अन् घरी पाळणार?"

"शेतातले पोटावर पाय देतेत. माह्या घरी आता कोणी नाई, संध्याकाळी घर खायले उठते. जे बाई उंदरासाठी चारचौघांत भांडते, तिचं जनावर चांगलंच असन."

उमेरा विरघळली नाही. पिंजरा कुठी ठेवाल? शेतात गेल्यावर कोण पाहीन? मांजर आहे का?

"सोयरीक जमवून राह्यली का?" बाई वैतागली.

"तसंच समजा. मांजर आहे का?"

होती. म्हणून उमेरा आधी रिकाम्या हातानं घर बघून आली. उंदरांच्या खोलीला बारीक जाळीचं दार बसवायला सांगितलं. ते बसल्याचा निरोप आला, तेव्हा दोन बहिणींना पिंजऱ्यात घेऊन ती एसटीत चढली.

"उंदरं गाडीत चालणार नाई," कंडक्टर म्हणाला.

"मागच्या सीटवर कोंबडे हायेत. ते चालतेत?"

"बाई, कोंबडा कोंबडा असते."

"अन् हे माह्ये उंदीर हायेत. लागन त त्याइचंही तिकीट फाडा." तिनं खिडकीजवळची जागा धरली, पिंजरा मांडीवर घेतला आणि ओढणीनं ऊन अडवलं. कंडक्टरनं तिचं एकटीचंच तिकीट फाडलं. मग त्यानं घंटीची दोरी ओढली.