वाचनालयाचा सात नंबरचा नकाशा

मी नकाशा बोलतोय. पालथा पडून बोलतोय, म्हणून आवाज दबका येत असेल. पण कान देऊन ऐका, कारण माझ्याकडे वेळ फार थोडा आहे. विद्यापीठाच्या वाचनालयात, तळमजल्यावरच्या वाचनकक्षात, मधल्या भिंतीच्या पायथ्याशी मला अंथरलं आहे. कशासाठी? तर फरशी खराब होऊ नये म्हणून! चारी कोपऱ्यांवर विटांचे तुकडे ठेवलेत आणि माझं तोंड खाली आहे. आज जी भिंत पाडायची आहे, ती माझ्याच अंगावर काढलेली आहे.

एक्केचाळीस वर्षांपूर्वी एका तिरक्या टेबलावर माझा जन्म झाला. ही इमारत माझ्यानंतरची, हे मी पूर्वी जरा ऐटीत सांगायचो. आता कसली ऐट! मला काढणारा माणूस किडकिडीत होता. त्याच्या शर्टाच्या खिशात कागदात गुंडाळलेलं अर्धं ब्लेड असायचं. ट्रेसिंग कागदावर शाईची रेघ चुकली की ती ब्लेडने हलकेच खरवडायची, नखाने कागद घोटायचा आणि मग नवी रेघ ओढायची, ही त्याची पद्धत. म्हणून सगळे त्याला ब्लेडमास्तर म्हणत.

"काय ब्लेडमास्तर, दाढी झाली का?" असं कुणी छेडलं, की तो मान वर न करता म्हणायचा, "माझी झाली. आता तुमच्या भिंतीची करतोय."

जोत्यापर्यंत बांधकाम आलं आणि वरच्यांचा बेत बदलला. वरच्या मजल्यावर व्याख्यानाचं दालन नको, पुस्तकांचं कोठार करू, असं ठरलं. मास्तर लगेच मोठ्या साहेबांकडे गेला.

"साहेब, पुस्तकं माणसांपेक्षा जड असतात. माणसं निदान संध्याकाळी उठून घरी तरी जातात."

वजनाचं गणित पुन्हा मांडलं, आणि मधोमध एक खांब लागणार हे नक्की झालं. पण वाचनकक्षाच्या मध्ये खांब दिसला तर शोभा जाईल, असं साहेबांचं म्हणणं. "भिंतीत लपवा त्याला," ते म्हणाले. मग मास्तरने माझी भिंत दोन बोटं खरवडली. खूप झोंबलं, खोटं कशाला बोलू! तिथे त्याने काळा भरीव चौकोन काढला आणि कोपऱ्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं: 'दुरुस्ती दोन. मधल्या भिंतीत खांब आहे. भिंत काढू नये.' खाली सही, तारीख.

मूळ कागद दुरुस्त झाला की आधी काढलेल्या निळ्या प्रती परत मागवून फाडायच्या, असा त्या कचेरीचा नियम होता. माझ्या चार प्रती बाहेर गेल्या होत्या. तीन आल्या. चौथी बांधकामावरच्या इंजिनियरच्या टेबलाच्या काचेखाली होती.

"अहो, काचेवर किती पसारा आहे! नंतर देतो," तो म्हणाला.

ते 'नंतर' कधी आलंच नाही. मास्तर दोनदा आठवण करून देऊन आला, मग दुसऱ्या इमारतीच्या कामात बुडाला. चौथी प्रत काचेखाली राहिली, वर कॅलेंडर. ना धूळ, ना ऊन. नुसती मजा!

मी मात्र रेकॉर्डच्या खोलीत आलो. छत गळलं, उंदरांनी एक कड कुरतडली, चिकटपट्ट्या लागल्या. तरी ते दिवस बरे होते, कारण तिथे रेकॉर्ड सांभाळणाऱ्या ताई होत्या. दरवर्षी मला उलगडून डांबरगोळ्या बदलायच्या. "काय सात नंबर, बरा आहेस ना?" असं विचारायच्या आणि कोपऱ्यातली ओळ मोठ्याने वाचायच्या. कुणी मोजमाप घ्यायला आलं की आधी बजावायच्या, "त्या भिंतीला हात लावायचा नाही हं." गेल्या वर्षी ताई निवृत्त झाल्या आणि माझा वाली गेला.

मग सगळे नकाशे कॉम्प्युटरमध्ये घालायची टूम निघाली. काम करणाऱ्या दोघांना त्या इंजिनियरच्या जुन्या टेबलाच्या काचेखाली माझी चौथी प्रत सापडली.

"ही बघ, कसली चकाचक आहे! याच्यावर तर नुसती खाडाखोड."

"मग तीच घे. एकाच मजल्याचे दोन कशाला? याच्यावर 'डुप्लिकेट' लिही आणि रद्दीत टाक."

मला डुप्लिकेट म्हणाले हो! ज्या खाडाखोडीसाठी मी जपला गेलो, तिच्याचमुळे रद्दीत गेलो. आणि आज सकाळी भिंतीखाली अंथरायला कागद हवा होता, म्हणून या खोलीत आलो.

सकाळपासून माझा जीव टांगणीला लागला आहे. ग्रंथपाल बाई आत्ताच येऊन विचारून गेल्या, "साहेब, वर पुस्तकांच्या कोठारात मुलं अभ्यासाला बसलीत. परीक्षा आहे त्यांची. उठवू का?"

"कशाला? आतली भिंत आहे. धूळसुद्धा वर जायची नाही," पाडकामावरचे नवे साहेब म्हणाले.

म्हाताऱ्या मिस्त्रीने भिंतीवर तळहात ठेवला, हातोड्याच्या दांड्याने ठोकून पाहिलं. "साहेब, इथे आवाज बदलतोय. आत भरीव काहीतरी आहे."

साहेबांनी फोन पुढे धरला. "हा बघा नकाशा. साधी वीट आहे. मिस्त्री, वय झालं तुमचं."

"वय झालंय म्हणूनच ऐकू येतंय."

"दुपारपर्यंत भिंत खाली पाहिजे," म्हणून साहेब निघून गेले. मोठं यंत्र दारात आणून ठेवलं आहे.

मिस्त्री आता माझ्यावरच बसून चहा पितोय. मघाशी चहा थोडा हिंदकळला आणि माझ्या पाठीवर सांडला. मिस्त्री, मी ट्रेसिंगचा कागद आहे हो! माझ्या रेघा पाठीतून दिसतात. उलट्या दिसतात, पण दिसतात. तो काळा चौकोन तुमच्या टाचेपासून चार बोटांवर आहे. तुम्ही बरोबर ऐकलंत, तुमचा कान खोटा नाही. उठताना एवढी एक वीट बाजूला करा आणि मला उलटा. मला रद्दीत टाका, जाळा, माझं काही म्हणणं नाही. पण आधी मला वाचा.

वर कुणीतरी खुर्ची मागे सरकवली. कुणीतरी हसलं.

मिस्त्रीच्या पेल्यात एक घोट उरला आहे.