लेखनिकाने भरलेला फॉर्म

अंजूला जन्मापासून दिसत नव्हतं. बाबा, टेकचंद, रोज वरठीहून मोटारसायकलवर तिला भंडाऱ्याच्या कॉलेजच्या फाटकाशी सोडत. तिथून पुढे निकेश. ग्रंथालयातला हा शिपाई परीक्षेत तिचा लेखनिकही होता; ती सांगायची, तो लिहायचा. पहिल्या वर्षी तो कोपर धरून वर्गापर्यंत न्यायचा. यंदा जिन्याच्या वळणावर त्याचा हात कोपरावर राहत नव्हता. एकदा ती ओरडणार, तोच तो हळूच म्हणाला, "पेपर कोन लिवते तुहा? दुसरा भेटंल काय इथं?"

दुसरा खरंच मिळाला नव्हता. कॉलेजने शोधून पाहिलं होतं.

जानेवारीत नागपूरहून एक संशोधक मॅडम आल्या. कॉलेजात मुलींच्या होणाऱ्या लैंगिक छळावर त्यांचा अभ्यास होता. "अपंग मुली अशा अभ्यासात येतच नाहीत," त्या अंजूचा हात हातात घेऊन म्हणाल्या. "तू आहेस म्हणून बरं झालं. नाव कुठेही येणार नाही."

फॉर्म मोबाइलवर होता. अंजूच्या मोबाइलमधला वाचून दाखवणारा आवाज त्या फॉर्मवर चालेना.

"हरकत नाही, तुझे लेखनिक आहेत ना?" मॅडम म्हणाल्या.

शेजारची खुर्ची सरकली. निकेश संथ आवाजात वाचू लागला. "कॉलेजमध्ये कोणी तुमच्या इच्छेविरुद्ध तुम्हाला स्पर्श केला आहे का?" त्याचा गुडघा तिच्या गुडघ्याला टेकलेला होता. "सांग. हो लिवू का नाही?"

अंजूने गुडघा बाजूला घेतला. "नाही."

पुढच्या सगळ्या प्रश्नांना तिने तेच सांगितलं. फॉर्म गेला. तशी ती भिंत चाचपत मॅडमच्या आवाजाकडे गेली. "मॅडम, मले तुमच्याजवळ बसून परत भरायचा हाये."

"एकीचा एकच फॉर्म जातो गं. काही चुकलं का?"

मागे निकेशच्या चपला थांबल्या.

"नाही," अंजू म्हणाली.

महिनाभराने सभागृहात मॅडमनी निष्कर्ष सांगितले. "इथल्या दृष्टिहीन मुलीलाही आम्ही विचारलं. तिला कसलाच त्रास नाही, ही समाधानाची गोष्ट." टाळ्या पडल्या. अंजूच्या कानाजवळही कोणी तरी जोरात वाजवत होतं.

त्या आठवड्यात टेकचंद परीक्षेचा अर्ज घेऊन बसले. "लेखनिकात निकेशचंच नाव टाकू ना, बेटा?"

"मले परीक्षा नाही देयाची, बाबा."

"काहून? एवढी हुशार तू!"

अंजूने तोंड उघडलं. उद्या बाबा कॉलेजात जाऊन कोणाला विचारतील, आणि कॉलेजवाले मॅडमच्या अहवालातलं कोणतं वाक्य दाखवतील, हे तिला माहीत होतं.

"डोकं दुखते," ती म्हणाली.