खंडेनवमीची विश्रांती

मित्रांनो, दिसायला मी तुमच्या घरच्या फ्रीजचा थोरला भाऊ. पण माझ्या पोटात आइस्क्रीम कधी आलं नाही. मी सदाशिव पेठेतल्या एका प्रयोगशाळेतला जुना डीप फ्रीजर आहे. उणे ऐंशी अंशांची थंडी राखायची, एवढंच माझं काम. मला जिन्यावरून चढवताना हमालांनी माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला होता. तेव्हापासून मी घरघरतो आहे.

माझ्यात डॉ. श्यामला बायकांच्या रक्ताचे नमुने ठेवतात. आपल्या रक्तातल्या प्रथिनांवर साखरेच्या इवल्याशा साखळ्या असतात. ही चहातली साखर नव्हे, बरं का! शरीरातलं इस्ट्रोजेन कमी झालं की रोगाशी लढणाऱ्या प्रथिनांवरच्या या साखळ्यांची टोकं उणी होतात, आणि मग तीच प्रथिनं अंगातली सूज वाढवायला हातभार लावतात. इस्ट्रोजेनचं औषध घेतल्यावर टोकं कितपत भरून येतात, हे श्यामलाताईंना पाहायचं होतं. त्यासाठी प्रत्येकीचं औषधाआधीचं आणि नंतरचं रक्त ताडून बघावं लागतं.

त्यांतली एक मंदाकिनी. कर्वेनगरच्या शाळेत शिकवायची. ऐन पस्तिशीत ऑपरेशन करून तिचे इस्ट्रोजेन बनवणारे दोन्ही बीजांडकोश काढावे लागले. अंगाची नुसती आग व्हायची, बोटं आखडायची, खडू धरवत नसे. औषध हातात होतं, तरी रक्त देण्याचा दिवस येईपर्यंत तिने ते डॉक्टरांना विचारून लांबवलं. मी सगळं ऐकत होतो. श्यामलाताई म्हणाल्या, एवढा त्रास काढू नका. त्यावर ती म्हणाली, "मला काय व्हायचं ते झालं, ताई. माझ्या ओवीच्या पिढीला तरी नीट कळू दे." ओवी तिची लेक. तिच्या रक्ताची नळी माझ्या वरच्या कप्प्यात आली, आणि मी ती जिवापाड जपली.

पुढे औषधाने मंदाकिनीला आराम पडला. दुसरं रक्त द्यायला आली तेव्हा हसत होती.

मी मात्र म्हातारा झालो होतो. थंडी उतरली की ओरडायचा माझा भोंगा बॅटरी संपल्याने मुका झाला होता. बघू, करू, पुढच्या आठवड्यात, असं चाललं होतं. पुण्यात पुढचा आठवडा फार लांब असतो.

मग खंडेनवमी आली. आमचे तंत्रज्ञ दत्तप्रसाद भले गृहस्थ. त्यांच्या वडिलांच्या कारखान्यात त्या दिवशी यंत्रांना हात लावत नसत. त्यांनी मला पुसलं, हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला. "वर्षभर राबतोस रे बाबा, आज तरी विसावा घे," म्हणाले, आणि मायेच्या भरात माझ्या पोटातले नमुने विसरून सगळ्या यंत्रांबरोबर माझंही बटण बंद केलं. दुसऱ्या दिवशी दसरा, मग रविवार. अहो, इतक्या प्रेमाने माझा घात कुणी केला नव्हता! आतला बर्फ ठिबकत होता आणि मला ओरडताही येत नव्हतं.

सुट्टीनंतर श्यामलाताईंनी दार उघडलं आणि एकेक नळी उजेडात धरून पाहिली. नमुने सडू लागले होते. आता साखळ्यांत फरक दिसला, तरी तो इस्ट्रोजेनमुळे की या सडण्यामुळे, हे सांगणार कसं? दत्तप्रसाद भिंतीकडे तोंड करून रडले.

मंदाकिनीला बोलावून श्यामलाताईंनी सगळं खरं सांगितलं. ती हळूच म्हणाली, "औषध थांबवते. पुन्हा तसंच रक्त देते. चालेल?"

"नाही, मंदाकिनीताई. ते दुखणं मी तुमच्याकडे पुन्हा मागणार नाही."

जाताना तिने माझ्या दारावर हात ठेवला. तिची बोटं सरळ झाली होती, आणि तेवढंच मला बरं वाटलं.

मित्रांनो, राबणाऱ्यावर माया जरूर करा, पण त्याला काय हवं आहे ते आधी बघा. मला हार नको होता, एक साधी बॅटरी हवी होती. आता ती बसवली आहे. बटणावर दत्तप्रसादांनी स्वतः पाटी लावली आहे: 'हे यंत्र दमत नाही. कृपया माया करू नये.' येणारे-जाणारे ती वाचून हसतात. दत्तप्रसाद हसत नाहीत. वरच्या कप्प्यात मंदाकिनीच्या नळीची जागा श्यामलाताईंनी रिकामीच ठेवली आहे. तिथेही मी उणे ऐंशीची थंडी राखून आहे.